बाप्पाचं पाणी

माझ्या तोंडाला आवर नाय. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. आई तर येता-जाता म्हणते, "मेघे, तुझी जीभ आधी उंबऱ्याभाईर पडती आन् तू मागनं." मला ह्याचा राग यायचा नाय, उलट बरंच वाटायचं. तळ्यासाठी भांडायचं तर जीभ लागतेच की! गुळमुळीत बोलून कुणी ऐकतंय का आजकाल?

आमचं घर हर्सूलला, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. दर रविवारी मी, झीशान, शिवम आन् कॉलेजची अजून काही पोरंपोरी काठावरचा कचरा वेचायला जायचो. निर्माल्याच्या पिशव्या, थर्माकोलची ताटं, दारूच्या बाटल्या, काय नसायचं तिथं? लोक आम्हाला 'कचरा टोळी' म्हणायचे. म्हणेनात का! बाटली फेकणाऱ्याला मी असं झापायचे की तो स्वतः वाकून ती उचलायचा, आन् शिवम त्याचा व्हिडिओ काढायचा. आमचे व्हिडिओ लई चालायचे. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, ती तळ्यावाली तूच का गं?

तळ्यावर आवडाबाई मासे धरते. मच्छीमार सोसायटीत बाप्ये पुष्कळ, पण ऊन-थंडी न बघता रोज पाण्यात उतरणारी तीच. मागल्या वर्षी गणपतीनंतर ती काठावर फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. पाण्यात पीओपीच्या मूर्ती तशाच पडलेल्या, कुणाचा मुकुट वर, कुणाचा हात वर. "देवाच्या हातात जाळं अडकतंय बाई," ती म्हणाली, "ओढावं तर पाप लागंल, सोडावं तर पोट मरंल." मी त्याच दिवशी ठरवलं, पुढल्या वर्षी आपल्या भागातला एक गणपती तळ्यात जाऊ द्यायचा नाय.

उपाय माझ्याकडं होता. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. बेकरीवाले नानखटाईत जो अमोनिया घालतात ना, ती पांढरी पावडर भरपूर पाण्यात कालवायची आन् पीओपीची मूर्ती त्यात बुडवून ठेवायची. हळूहळू मूर्ती विरघळते, खाली पांढरा गाळ बसतो आन् वर नितळ पाणी राहतं. त्या पाण्यात खत असतं. शेतकरी पोत्यानं विकत आणतो तेच खत. मी गल्लीत सगळ्यांना हेच सांगत फिरले.

प्रश्न होता भांड्यांचा. झीशानचे अब्बा, अन्सारचाचा, जुन्या ड्रमचा धंदा करतात. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाय, म्हणून घराघरात निळे ड्रम, आन् हर्सूलपासून गुलमंडीपर्यंत कितीतरी घरांतले ड्रम चाचांकडचे. सरबताच्या, ग्लुकोजच्या कारखान्यांतले तेवढेच आणायचे, स्वतः धुवायचे, आत डोकं घालून वास घ्यायचा आन् मगच विकायचे. केमिकलचा ड्रम कुणी फुकट दिला तरी अंगणात येऊ द्यायचे नाय. मी ड्रम मागायला गेले तर म्हणाले, "गणपती के काम को किराया कैसा, बेटा? ले जा. झीशान, टेम्पो में रस्सी बराबर बांध."

आता मूर्ती गोळा करायच्या. आमच्या गल्लीत वच्छलाबाईंनी हो म्हटल्याशिवाय पान हलत नाय. त्या म्हणाल्या, "बाप्पा इरघळला तरी बाप्पाच हाय. त्याचं पाणी गटारात, मोरीत गेलेलं आम्हाला चालायचं नाय. तळ्यात पोचवणार असशील तर मूर्ती देतो, नायतर आमचे आम्ही बुडवू." बाकीच्या बायाही लगेच, व्हय व्हय, तळ्यातच.

मी काय करावं? शब्द दिला. म्हणले, "नितळ पाणी तळ्यातच सोडू, आरती करून. गाळ तेवढा बाजूला ठेवू." झीशाननं मला कोपऱ्यात घेऊन विचारलंसुद्धा, "मेघा, हे पाणी तळ्यात चालतं का पण?" मी म्हणले, "अरे खत आहे ते! पिकाला चालतं तर तळ्याला का नाय चालणार?" त्यानं मान डोलावली. केमिस्ट्री माझी, तो बीकॉमचा. पुस्तक उघडून बघायला मला अर्धा तास लागला असता. नाय बघितलं.

पितृपक्ष लागल्यावर एका रविवारी आम्ही ते पाणी तळ्यात सोडलं. काय थाट होता! टेम्पोवर झेंडूच्या माळा, पुढं झांजा, बायांच्या हातात आरतीची ताटं. एवढ्या दिवसांचा उग्र वास ड्रमला होता, बाया नाकाला पदर लावत होत्या, पण चेहरे खूश. उथळ कोपऱ्यात टेम्पो मागं घेता येतो, म्हणून तिथंच एकेक ड्रम कलंडवला. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून सगळ्यांनी हात जोडले. शिवमनं सगळं शूट केलं. मी कॅमेऱ्यात बघून म्हणले, "एकही मूर्ती तळ्यात नाय, तरी बाप्पा तळ्यात पोचला!" मला माझाच लई अभिमान वाटला.

त्याच कोपऱ्यात, थोडं पुढं, आवडाबाईनं बारीक जाळीचा पिंजरा बांधून त्यात माशांची बोटुकली सोडली होती. बोटाएवढी पिल्लं, रोहू आन् कटल्याची. जरा मोठी झाली की ती तळ्यात मोकळी करायची आन् पुढचं सगळं वर्ष त्यांच्यावर काढायचं. आम्हाला पिंजरा दिसत होता. आवडाबाईनंच तर उत्साहानं दाखवला होता.

सोमवारी सकाळी ती आमच्या दारात बोंबलत आली. मी तशीच धावत तळ्यावर गेले. पिंजऱ्यातली सगळी बोटुकली पोट वर करून तरंगत होती, काठाला चंदेरी साय आल्यासारखी. आवडाबाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ओंजळीनं त्यांना वर घेत होती, परत सोडत होती. एखादं हलतंय का बघत होती.

"काय वतलं गं तुम्ही?" ती म्हणाली. "मेघा, काय वतलं?"

तोवर वच्छलाबाई आल्या, बाया आल्या, टोळी आली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आन् शिवमचा मोबाईल चालूच. माझं पाणी चुकूच शकत नाय असं मला वाटत होतं, देवाशप्पथ वाटत होतं. मग दुसरं काय राहिलं? ड्रम.

"आमच्या पाण्यात नुसतं खत होतं," मी कॅमेऱ्याकडं बघून म्हणले, "ड्रममध्ये आधी काय होतं, ते ड्रमवाल्याला विचारा!"

एवढंच बोलले. त्या घटकेला मी खोटं बोलत नव्हते. ते दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

व्हिडिओ दुपारपर्यंत शहरभर झाला. ज्यांच्या घरी चाचांचे ड्रम होते ती माणसं घाबरली. आपण ह्यातलं पाणी पितो की! कुणी रिक्षात घालून, कुणी गाडीमागं बांधून ड्रम परत आणून चाचांच्या अंगणात आपटायला लागले. आवडाबाई मेलेल्या माशांची पाटी डोक्यावर घेऊन गेली आन् तिनं ती चाचांच्या उंबऱ्यावर ओतली. काय काय बोलली ते मी ऐकलं नाय, पण ऐकणारे सांगत होते की झीशानची अम्मी, जहांआरा चाची, दाराआड उभी राहून कानावर हात ठेवून रडत होती.

आता मंगळवार. हे नीट सांगते, कारण सगळं इथंच आहे.

आमच्या घरचा गणपती मी ड्रममध्ये घातला नव्हता. आईचा हट्ट, आपला बाप्पा आपल्याच घरात विरघळू दे. म्हणून मी आमच्याच स्टीलच्या घंगाळात, तीच पावडर घालून तो ठेवला होता. रविवारी आईचा गुडघा धरला होता, ती तळ्यावर आली नाय, घंगाळ तसंच राहिलं. मंगळवारी सकाळी तिनं ते नितळ पाणी अंगणातल्या सिमेंटच्या हौदात ओतलं. म्हणे, बाप्पा घरातच राहिला. त्या हौदात डासांसाठी आम्ही गप्पी मासे सोडलेले असतात.

दुपारी मी कॉलेजातनं आले तर आई हौदाशी उभी. "मेघे, हे मासे उलटे का झालेत गं?"

मी वाकून बघितलं. एक जिवंत नव्हता. आमचं घंगाळ आजीच्या वेळचं. अन्सारचाचांच्या ड्रमचा आन् त्याचा कधी संबंध आला नाय. त्यात फक्त बाप्पा होता आन् माझी पावडर.

आत जाऊन मी पुस्तक काढलं. अमोनिया पाण्यात उतरला की माशांचे कल्ले जळतात, थोडासाही पुरतो. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं. त्याच्यावर मला चांगले मार्क होते.

"उन्हानं झालं असंल," मी आईला म्हणले.

"आसंल बाई," आई म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. सगळे ठेवतात. हीच तर पंचाईत आहे.

मी चाळणीनं मासे काढत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. झीशान. त्याचे डोळे सुजलेले होते.

"मेघा, तू फक्त एक सांग," तो म्हणाला. "तुला खात्री आहे ना? अब्बा म्हणतात, मेरा ड्रम साफ था. कुराणावर हात ठेवून म्हणतात. लोक म्हणतात, पोरगा टोळीत आहे म्हणून टोळी गप्प बसणार. मला काय करावं कळंना झालंय. तू म्हणशील ते खरं."

मासे मी चाळणीसकट पाठीमागं धरले होते. बोल ना मेघे, आता बोल! एरवी तुझी जीभ उंबऱ्याभाईर पळते, आता कुठं मेली? मला वाटलं, आज सांगितलं तर आपली टोळी संपली. उद्यापासून माझ्या तोंडावर लोक हसतील. ती तळ्यावाली, तिनंच तळं मारलं. दोन दिवस जाऊ देत, मग सांगू, सगळं थंड झालं की सांगू.

"खात्री आहे," मी म्हणले.

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "मग मी बोलणार. दुसऱ्यांच्या बापाला आपण कॅमेऱ्यापुढं उभं करतो, माझ्या बापाला का सोडायचं?"

मी त्याला थांबवलं नाय. 'राहू दे रे, कशाला' एवढं म्हणायलासुद्धा खोटं-खरं काही लागत नव्हतं, तेवढंही म्हणले नाय.

बुधवारी सकाळी तळ्याच्या काठावर झीशान बोलला. शिवमनं शूट केलं, मी शेजारी उभी होते. "मी अन्सारभाई ड्रमवाल्यांचा मुलगा," तो म्हणाला. "ते ड्रम माझ्या घरचे होते. ते नीट धुतले नसतील. आवडाबाईंचं नुकसान आमच्या घरामुळं झालं. मी माफी मागतो." बोलताना त्याचा आवाज एकदाच फाटला, 'माझ्या घरचे' म्हणताना. व्हिडिओखाली लोकांनी शाबासकीचा पाऊस पाडला. असा मुलगा पाहिजे, हिंमत लागते, वगैरे वगैरे.

आता कुणालाच शंका राहिली नाय. पोटचा पोरगाच म्हणतोय म्हटल्यावर! परत आलेले ड्रम चाचांच्या अंगणात छपरापर्यंत गेले, नवीन गिऱ्हाईक तर फिरकेना. चाचांना तो व्हिडिओ एका गिऱ्हाइकानंच मोबाईलवर दाखवला म्हणे. चाचांनी मोबाईल त्याला परत दिला आन् आत जाऊन निजले. झीशान घर सोडून किराडपुऱ्यात मामूकडं राहायला गेला. म्हणाला, अब्बा माझ्याशी बोलत नाहीत, मला तिथं जेवण गिळत नाय.

आन् मी? मी जेवत होते, झोपत होते, कॉलेजला जात होते. चाचांच्या घरावरून जायला लागू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं. लोक समजतात, मन खातं म्हणजे माणूस झुरतं. मला उलट सारखा राग यायचा. आईवर, शिवमवर, वच्छलाबाईंवर. यांनी तळ्याचा हट्ट धरला नसता तर? कुणावर तरी ओरडलं की घटकाभर बरं वाटायचं.

पण गोष्ट तिथं संपणार नव्हती. शिवमच्या गल्लीतल्या मूर्ती अजून विरघळत होत्या. त्या त्यानं उशिरा, दुसरीकडून आणलेल्या कोऱ्या करकरीत ड्रममध्ये घातल्या होत्या. "आता काही प्रॉब्लेमच नाय," तो म्हणाला. पुढच्या रविवारी तेही पाणी आरती करून सोडायचं ठरलं. आन् सोसायटीनं आवडाबाईला नवी बोटुकली मिळवून दिली होती, तीही रविवारीच यायची होती. शनिवारी आवडाबाई आमच्या घरी आली. हातात डब्यात माशाचं कालवण, माझ्यासाठी.

"खा गं," ती म्हणाली. "तू छडा लावला म्हणून कळलं तरी, नायतर मी येड्यावानी देवाला दोष देत बसले आसते. उद्या पिल्लं कुठं सोडू, तू दाखव. तू हायेस तर तळं हाय, बाई."

मी पहिला घास ताटात परत ठेवला. आईनं विचारलं, काटा लागला का?

ती गेल्याबरोबर मी वच्छलाबाईंकडं धावले. शिवमच्या गल्लीतल्या बायाही त्यांचंच ऐकायच्या. म्हणले, ह्या वेळी पाणी झाडांना घालू या का? झाडं छान वाढतील. त्या कडाडल्या, "बाप्पा झाडाला घालती व्हय गं? शबूद दिलता ना तू? का आता शिकलीस म्हणून आमाला शिकवती?" मी शिवमला सांगितलं, टेम्पो नको, मला बरं नाय. तो म्हणाला, तू आराम कर, आम्ही करतो. म्हणजे खोट्यानं काम होईना. मी घरात बसून राहिले असते तरी मासे मेलेच असते. आन् ह्या वेळी ड्रम कोरे होते. मग दोष कुणाला देणार होते मी? कुणीतरी सापडलं असतं, हे मला माहीत होतं, आन् त्याचीच मला भीती वाटली.

रविवारी सकाळी सगळं तसंच. झेंडू, झांजा, ताटं. झीशानही आला होता, टेम्पोवर चढून ड्रमच्या दोऱ्या सोडत होता. तो बारीक झाला होता. आवडाबाई उथळ पाण्यात बोटुकलीच्या फुगवलेल्या पिशव्या तरंगत ठेवून उभी होती. पिल्लांना तळ्याच्या पाण्याची सवय व्हावी म्हणून तसं ठेवतात. तिनं मला बघून हात हलवला.

आरती सुरू झाली. शिवमनं पहिल्या ड्रमला हात लावला.

"थांबा!" मी ओरडले. झांजा लगेच थांबेनात. "अरे थांबा म्हणते ना! ओतू नका. मासे ड्रमनं मेले नव्हते."

झांजा थांबल्या.

"बाप्पाच्या पाण्यानं मेले," मी म्हणले. "म्हणजे माझ्या पावडरीनं. ड्रम साफ होते. अन्सारचाचांचा काही दोष नाय. मी चुकले. आमच्या हौदातले मासे पण मेले, ते पाणी आमच्या घंगाळातलं होतं, ड्रममधलं नव्हतं. माझी चूक आहे, सगळी माझी."

वच्छलाबाई म्हणाल्या, "बाप्पाच्या पाण्याला नाव ठेवती का गं, कार्टे?" पण त्यांचा आवाज बसका निघाला. आई ताट घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं. "तू तर उन्हानं म्हणलीस," एवढंच ती म्हणाली. शिवमनं मोबाईल खिशात घातला. झीशान टेम्पोवर, हातात दोरी तशीच.

आवडाबाई पाण्यातून बाहेर आली. आधी तिनं पिशव्या नीट काठाला बांधल्या, शिवमला म्हणाली, "ह्यांच्यावर ध्यान ठिव." मग माझं मनगट धरलं. लई घट्ट धरलं.

"चल."

"कुठं?"

"ज्याच्या उंबऱ्यावर मी मेलेली पिल्लं वतली, त्याच्याकडं. त्याच्या लेकराला मी काय काय बोलले, ठावं हाय का तुला? तुझं लेकरू बी आसंच तरंगू दे, म्हणले मी. कुणाच्या भरवशावर म्हणले? सांग! कुणाच्या? मासे गेले, मासे येतील. माझ्या तोंडातनं निघालेलं कसं आत घालू मी आता?"

ती मला भर रस्त्यानं ओल्या लुगड्यानिशी ओढत नेत होती. मागून झीशान येत होता. मी एकदा वळून बघितलं, पण तो माझ्याकडं बघत नव्हता.

चाचांचं अंगण म्हणजे निळ्या ड्रमचा डोंगर झाला होता. मध्ये एका स्टुलावर चाचा बसले होते. दाढी वाढलेली. आवडाबाई सरळ त्यांच्या पायाशी बसली. "भाऊ, माझी जीभ झडो. तुझ्या लेकराला वंगाळ बोलले. परत घेते. माझ्या कुळाला लागू दे, त्याला नगं."

"उठो बाई, उठो," चाचा घाबरून उभे राहिले. "ऐसा नक्को करो. बेकसूर को बद्दुआ लगतीच नहीं. तुम्हारा नुकसान हुआ, गुस्सा आयाच ना? जहांआरा! चाय रख."

मी पुढं झाले. किती पाठ केलं होतं, सगळं विसरले. "चाचा, तुमचे ड्रम साफ होते. चूक माझी होती."

"वो तो मेरेकू मालूम था, बेटा," चाचा म्हणाले. त्यांनी माझ्यामागं उभ्या असलेल्या झीशानकडं बघितलं. "इसकू नहीं मालूम था."

झीशानची मान खाली गेली. मग तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

मी ड्रमच्या ढिगाकडं बघायला लागले.

"काल कळलं असंल ना?" तो म्हणाला. "किंवा परवा. मी बोलल्यानंतर कधीतरी. मी बोललो तेव्हा तुला माहीत नव्हतं, हो ना मेघा?"

तो हो ऐकायला उभा होता. मला स्वच्छ दिसत होतं. आन् हो म्हणणं सोपं होतं. तारीख-वार कोण विचारणार होतं? आई कुणाला सांगायला गेली नसती. एवढं एक खोटं बोलले असते तर त्याला एक मैत्रीण राहिली असती, मला एक मित्र राहिला असता, आन् कुणाचं काही बिघडलं नसतं. पण हेच तर मी मागल्या वेळीही स्वतःला सांगितलं होतं, कुणाचं काही बिघडत नाय, दोन दिवस जाऊ देत.

"तू विचारायला आलास, त्याच्या आधी," मी म्हणले. "मंगळवारी. मला तेव्हा माहीत होतं."

मला वाटलं तो शिव्या देईल. मी त्याची वाटच बघत होते. तो अब्बांकडं वळला.

"ही खोटं बोलली," तो म्हणाला. "पण तुमचे ड्रम माझ्यासमोर धुतलेले, अब्बा. लहानपणापासून मी बघतोय. तरी मी तुमचं ऐकलं नाय, हिला विचारायला गेलो."

चाचांनी त्याला जवळ ओढलं. एवढा मोठा पोरगा, त्यांच्या खांद्यावर तोंड खुपसून रडायला लागला. चाचा त्याच्या पाठीवरून हात फिरवत "बस बेटा, बस" म्हणत राहिले. जहांआरा चाची चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या, त्यांच्याही डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आन् आवडाबाई पदर तोंडात धरून जमिनीकडं बघत होती.

मला कुणी बस म्हटलं नाय, कुणी जा म्हटलं नाय. मी तिथंच उभी राहिले.